जनूची सावड

तुमच्या हातात कधी कुणी पंख्याचं पातं ठेवून पसार झालंय का? माझ्या हातात ठेवलंय. पातं, पाना, दाव्याला बांधलेला बोकड, एकदा तर सत्यनारायणाचं ताम्हण. देणारा दर वेळी एकच, माझा चुलतभाऊ जनार्दन, म्हणजे जनू. "दादा, जरा धर, ह्यो आलोच," म्हणतो आणि जातो. सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात जनूची वस्तू धरून तासभर ताटकळला नाही असा माणूस सापडणं कठीण. सरपंचांनी एकदा भर ग्रामसभेत चालू पाण्याची नळी धरली होती.

जनू सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मी मुरबाडला मास्तर, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि आमची घरं भिंतीला भिंत लावून. त्यामुळे जनूला आठवण करून देणं ही माझी दुसरी नोकरी, बिनपगारी आणि बिनसुट्टीची. त्याच्या बायकोच्या दवाखान्याची तारीख मी सांगायची, लग्नाला निघताना चपला एकाच जोडीच्या आहेत ना ते मी बघायचं. चुलीवर दूध ठेवून तो गेला की भिंतीपलीकडून वास मलाच येतो.

बरं, माणूस मठ्ठ म्हणावा तर तेही नाही. जळालेला पंप समोर टाका, जेवणाची हाक ऐकू जाणार नाही, पण पंप सुरू करूनच उठेल. म्हणून तर राग यायचा. "पंपाला बरं ध्यान लागतं तुझं!" मी म्हणायचो. "लागतं ना," तो म्हणायचा, "पन ते कदी लागंल, ते माझ्या हातात नाय."

त्याची मुलगी ठाण्याला नर्स आहे. उन्हाळ्यात ती त्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन-तीनदा बोलावून, लहानपणापासूनचं सगळं विचारून सांगितलं, ह्याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकत नाही, मोठ्या माणसांतही असतो. गावाने ते फारसं मनावर घेतलं नाही. "नाव इंग्रजी हाय, पन जनू तोच," असा निकाल पारावर लागला. गोळ्या सुरू झाल्या. ध्यान लागावं म्हणून गोळी, आणि ती घ्यायची आठवण करून द्यायला कोण, तर मी.

आता सावडीचं सांगतो. आमच्याकडे भातलावणी सावडीवर चालते. आज दहा माणसं माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. यात फक्त शब्द पाळावा लागतो. जनूला नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी त्याने एकाच मंगळवारी तीन घरांना "येतो" सांगितलं आणि एकाही घरी गेला नाही. शाळेच्या पाण्याची बिघडलेली मोटार वाटेत आडवी आली होती. त्याच्या वाटचा चिखल मी तुडवला, माझी कंबर अजून बोलते.

या वर्षी कुणी त्याच्याशी सावड करेना. पंचवीस दिवसांत हलवायचं रोप महिन्याच्या वर गेलं. त्याची बायको सुशीला भिंतीशी येऊन म्हणाली, "दादा, आता मानसं नाय आली तर रोप गुरांना घालायचं. वरीसभर खायाचं काय?" शेवटी मी दहा घरं फिरलो. या वेळी जनू पुरा दिवस राबेल, माझा शब्द, असं सांगितलं. सगळे हसले, पण माझ्याकडे बघून हो म्हणाले.

त्या दिवशी जनू पहाटे चारलाच उठला होता. मोबाइलमध्ये चार गजर, पाचवा मी. साडेसहाला माणसं खाचराशी जमली. सुशीला होती, रोप होतं, जनू नव्हता. चहाला गूळ आणायला म्हणून गेला होता.

सात वाजले, साडेसात झाले. मी तणतणत निघालो.

दुकानात यशोदाबाई गुळाची ढेप पोटाशी धरून उभ्या. "दुकानाचा पंखा करकरतो म्हनला, मळसूत्र आनायला गिरनीवर गेला." गिरणीवर पांडू गिरणवाला तेलाची बुधली धरून. "टिलर बंद पडलाय त्या काशिनाथचा, तिकडं धावला." काशिनाथच्या हातात टिलरचा काढलेला जुना प्लग होता. टिलर मात्र चालू झालेला.

"जनू कुठाय?"

"त्यानं इचारलं, किती वाजले. मी म्हनलो आठ. त्याचं तोंडच उतरलं बग. तसाच रिकाम्या हातानं ओढ्याकडं गेला."

ओढ्याच्या काठी, करवंदीच्या जाळीमागे जनू बांधावर बसला होता. तिथून त्याचं खाचर समोर दिसतं. माणसं थांबली नव्हती, चिखलात उतरली होती. अर्धं खाचर हिरवं झालं होतं, आणि तो ते बघत बसला होता.

मी तोंड सोडलं. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा शब्द गेला, हे दोनदा बोललो. तो ऐकून घेत होता.

"आठ वाजता आठवलं रे दादा," तो म्हणाला. "दर वेळी आठवतं. जरा उशिरा आठवतं, आनि मग जायला तोंड नसतं. म्हनून नाय येत मी. लोकान्ला वाटतं इसरला."

गेल्या वर्षीच्या त्या मंगळवारची तीन घरं माझ्या डोळ्यापुढे आली. तेव्हाही तो असाच कुठेतरी बसला असणार, आणि मी त्याला बेपर्वा म्हणत चिखल तुडवत होतो.

"डागदर बोलला तवा कळलं," तो म्हणाला. "मला वाटायचं सगळ्यांच्या डोक्यात असाच गलका असतो. तुमी मानसं मनानं घट्ट, म्हनून निभावता. मीच ढिला."

याच माणसाला मी लहानपणापासून "जरा मनावर घे" एवढंच सांगत आलो होतो. मला माझी लाज वाटली.

पलीकडून सुशीलाने हाक मारली. माणसांनी वर बघितलं. जनू उठला नाही. खाली बघत म्हणाला, "दादा, दमलास ना रे माज्यापायी?"

नाही म्हणायला हवं होतं. पण खोटं बोलण्याइतकाही जीव उरला नव्हता.

"दमलो," मी म्हटलं.

"मी पन," जनू म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बांधावर बसलो. थोड्या वेळाने दोघांनीही पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि ओढा ओलांडून खाचरात उतरलो.