मैनेचे दोन तास

वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी करून काकासाहेब पावणेचारला घरी आले, तेव्हा त्यांना फक्त पाठ टेकायची होती. पण त्यांची बाज गोठ्याच्या दारात आडवी लावलेली होती आणि बाजेपलीकडून निम्मी बिल्डिंग आत डोकावत होती.

"मैना व्यायला लागली. पाणमोट दिसली आत्ताच," त्यांची बायको भागूबाई म्हणाली. "तवापासून ही जत्रा."

काकासाहेबांनी डबा खाली ठेवला. रान प्लॉटांत गेलं, त्यावर समोरची बिल्डिंग उभी राहिली. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी बाकीची जनावरंही गेली. मुकुंदवाडीच्या टोकाला पत्र्याचा गोठा आणि पहिल्यांदाच विणारी ही पहिलारू कालवड, मैना, तेवढी उरली होती. माणसाला नाही म्हणता येत नसलं की काय होतं ते आता दारात उभं होतं: त्यांनी सात फ्लॅटांना मैनेचा पहिला चीक कबूल केला होता. त्यामुळे मैना आता सगळ्यांच्याच घरची झाली होती. भानुमतीबाई तर खरवसाचं पातेलं घेऊनच आल्या होत्या.

"काकासाहेब, ओढायला हवं," भानुमतीबाईंचा मुलगा शंतनू मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला. "व्हिडिओत चौघंजण ओढतायत."

"व्हिडिओतली गाय त्यांची आहे. ही मही आहे."

जनावरांचे डॉक्टर लांब चारा छावणीवर होते. फोनवर ते एवढंच म्हणाले, "पहिलारू आहे, पाणमोटेची पिशवी दिसल्यापासून दोन तास द्या. पाय आणि तोंड सरळ असेल तर हात लावू नका. दोन तासांत नाहीच झालं, तर कळ येईल तेव्हाच ओढा."

दोन तास! काकासाहेबांचे हात आत्ताच शिवशिवत होते. तीन वर्षांपूर्वी मैनेच्या थोरल्या बहिणीला त्यांनी अशीच घाई करून ओढलं होतं. वासरू गेलं, मागोमाग तीही गेली. भागूबाई त्यावर कधी काही बोलली नव्हती, हेच त्यांना जास्त लागत होतं. ते हात मांडीखाली दाबून बाजेवर बसले.

मैना आडवी व्हायची, कळ द्यायची, तेवढ्यात कुणीतरी "अगंबाई, बघ बघ!" म्हणायचं की ती धडपडत उभी राहायची. मग सगळं थंड. असं चारदा झालं.

"ही लोकं इथं हायेत तवर ती व्यायची नाय," भागूबाई हळूच म्हणाली.

"मग हाकल की."

"तुम्हीच चीक कबूल केला, तुम्हीच हाकला."

काकासाहेबांनी विनंती केली. सगळे मान डोलावून एक पाऊल मागं सरकले आणि दोन पुढं आले. शेवटी ते बाजेवर चढले आणि छातीला कळ लागेपर्यंत ओरडले, "टँकर आला! कोपऱ्यावर टँकर आला!"

टँकरचा वार उद्याचा होता. पण पाचव्या दिवशी पाणी बघणाऱ्या माणसाला वार आठवत नाही. बघता बघता दार मोकळं झालं. भानुमतीबाई तर घरीही गेल्या नाहीत, पातेल्यासकट पळाल्या.

मैना निवांत आडवी झाली. दोन पुढचे खूर दिसले, त्यावर नाक. सगळं सरळ. पण पुढं मात्र काही सरकेना. पावणेसहा वाजले. वासराची जीभ बाहेर लोंबत होती आणि मैना दमली होती.

"अहो, आता," भागूबाई म्हणाली.

मघापासून शिवशिवणारे हात आता उचलेनात. "अजून जरा थांबू."

"थांबायचं तेवढं थांबलो. झाले दोन तास." तिनं ड्रममधलं शेवटचं पाणी त्यांच्या हातावर ओतलं, साबण दिला आणि जुन्या लुगड्याची पट्टी पुढं केली. "भिऊ नका. म्या हाये."

पट्टी वासराच्या पायांना बांधली. कळ आली की ओढायचं, गेली की सैल सोडायचं. तिसऱ्या कळेला काकासाहेब वासरासकट मागं कोसळले. कालवडच झाली होती. भागूबाईनं तिचं नाक पुसलं, ती शिंकली आणि मैना चाटायला लागली. काकासाहेबांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

आता मैनेला कोमट गूळपाणी हवं होतं. ड्रम खडखडीत कोरडा होता. आणि ज्यांच्याकडे मागायचं, ते सगळे आता शिव्या देत परतणार होते.

शंतनू परतला तो दोन भरल्या बादल्या घेऊन. "काकासाहेब, तुम्हाला कळलं कसं? टँकर मागच्या गल्लीचा होता, पण एवढी माणसं कोपऱ्यावर उभी बघून ड्रायव्हरनं इथंच थांबवला!" मागून भानुमतीबाई आल्या, पातेलं काठोकाठ भरलेलं. मैनेला द्यायला पाणी नाही हे ऐकून त्यांनी ते भागूबाईपुढं ठेवलं. "आधी तिला. खरवस बघू मग."

दुसऱ्या दिवशी काकासाहेब पाळीवरून आले, तर दारात पुन्हा गर्दी. आज मागची गल्लीसुद्धा होती. वासराकडे कुणी बघतही नव्हतं. सगळ्यांच्या नजरा काकासाहेबांच्या तोंडाकडे.

"काकासाहेब, आज टँकर किती वाजता?"

त्यांनी बाज भिंतीकडेला ओढली, पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"घाई करू नका. दोन तास द्या त्याला. नाय आला, तर मग ओढू."