माणुसकीचा तक्ता

अतिदक्षता विभागात माणुसकी कमी पडते, असे व्यवस्थापनाच्या लक्षात आले आणि त्यांनी तातडीने तिचा तक्ता छापून घेतला. रुग्णाचा हात धरला की त्याच क्षणी वेळ लिहायची, डावा की उजवा यावर खूण करायची, धीराचे शब्द किमान सहा. मागाहून भरलेला तक्ता बाद. नर्स मात्र होत्या तेवढ्याच ठेवल्या, कारण माणुसकीला मनुष्यबळ लागत नाही.

तीन नंबरच्या खाटेवरचे आजोबा जन्मभर शिंपीकाम केलेले. घशात नळी, त्यामुळे बोलणे बंद, आणि भीतीने हात सारखा नळीकडे. डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत शांत राहिले तर नळी काढू. नाहीतर हात बांधा."

सिस्टरने त्यांचा हात धरला. आजोबांनी तिचा उजवा हात असा पकडला, की सोडायला तयार नाहीत. तिने डाव्या हाताने तक्ता भरला. तक्ते तपासायला नेमलेले माणुसकी अधिकारी म्हणाले, "अक्षर लागत नाही."

"मग तुम्ही जरा यांचा हात धरता का, साहेब?"

"मी धरला तर तपासणार कोण?"

सिस्टरने पेन खिशात टाकले. चाळीस मिनिटे ती नुसती बसून होती. दुपारी नळी निघाली. आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पोरी, सोड आता. घाम आलाय."

संध्याकाळी तक्त्यांना गुण देऊन निकाल विभागाच्या दारावर लावला. तीन नंबर: माणुसकी शून्य, सिस्टरला नोटीस. पहिला क्रमांक चार नंबरच्या खाटेला. तिथल्या रुग्णाचे हात पट्टीने बांधलेले होते, त्यामुळे तिथल्या सिस्टरचे दोन्ही हात मोकळे होते आणि तक्ता काठोकाठ भरला होता.

आजोबांचा मुलगा तक्ता बघून भडकला. त्याने अभिप्रायात लिहिले, 'वडिलांना कोणी हातसुद्धा लावला नाही.'

"अरे, मला विचार की!" आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही बोलू नका. घशाला त्रास होईल."

त्याला हसू नका. आपल्या माणसाला भरती करताना तुम्हीही दारावरचे गुण बघूनच आत शिरता. पुढच्या वेळी ते पैकीच्या पैकी दिसले, तर आधी आत जाऊन पट्ट्या मोजा.