आकाशी रंगाचे तीन हात

विश्रामने किल्ली अर्धी फिरवली आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच इंजिन उकळलं. निदान काट्याचं म्हणणं तसं होतं. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या थंडगार गाडीच्या तापमानाचा काटा उठला, तो थेट लाल पट्ट्यावर जाऊन बसला. टाकी भरलेली असून पेट्रोलचा काटा तळाला. विश्रामने दिवे लावून पाहिले, तर पेट्रोल अर्ध्यावर चढलं. डावा सिग्नल दिला, तर दोन्ही काटे भजनाला बसल्यासारखे माना डोलवू लागले.

"अगं कलावती, बाहेर ये! हिला ताप चढलाय!"

कलावती पदराला हात पुसत आली. तिने बॉनेटवर तळवा ठेवला. "कसला ताप? घरातला माठ हिच्यापेक्षा गरम असेल."

पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडे विश्रामने सत्तावीस वर्षं ही गाडी चालवली होती. डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या बाईंनी किल्ली त्याच्याच हातात ठेवली. "तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकायची नाही," म्हणाल्या. आज दुपारी दोन वाजता त्या गाडीचं पासिंग होतं. मुदतीचा शेवटचा दिवस. नापास झाली तर रस्त्यावर आणता येणार नव्हती, आणि मग तिचं काय होणार हे बाळकुमच्या नाक्यावरच्या महिपत भंगारवाल्याला चांगलं ठाऊक होतं. तो रोज कुंपणाशी येऊन चौकशी करून जायचा.

आजही आला. "काका, तब्येत कशी आहे गाडीची?"

"उत्तम!" विश्राम ओरडला. "तू निघ!"

"निघतो. मी आहे नाक्यावरच. कधीपण हाक मारा."

विश्रामने खोपटहून दगडू मिस्त्रीला बोलावून आणलं. दगडूने काटे पाहिले, कान खाजवला आणि निदान केलं. "टाकीतला पेट्रोल मोजणारा फ्लोट गेला, काका. टाकी उतरवायला लागेल."

टाकी उतरवली. पेट्रोल काढायला भांडं नव्हतं, म्हणून कलावतीचा पितळी हंडा मोरीतून बाहेर आला. कलावतीने हंड्याकडे पाहून मग नवऱ्याकडे पाहिलं. नवा फ्लोट बसवला. काटा तळालाच. दगडूने इंजिनावरची तापमानाची कळ बदलली. काटा लालच.

"अरे, काल संध्याकाळपर्यंत काही नव्हतं झालेलं!" विश्राम रडकुंडीला आला. "मी फक्त सगळं नीटनेटकं करून परत बसवलेलं."

साडेअकराला दगडूने काट्यांचं अख्खं खोकं स्क्रू काढून ओढून बाहेर काढलं. ते वायरींसकट लोंबत दाराच्या चकचकीत मुठीला टेकलं, आणि दोन्ही काटे शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी आले.

"अरे वा!" म्हणत दगडूने खोकं परत जागेवर बसवलं. ताप परत. बाहेर काढलं, ताप गेला.

"बाहेर बरी, आत आजारी," दगडू म्हणाला. "काकू, मी वीस वर्षं गाड्या बघतोय. असलं दुखणं नाय बघितलं."

कलावती जवळ येऊन वाकली. "त्या मुठीला रंग नाही," ती म्हणाली. "आत रंग आहे."

दगडूने विश्रामकडे पाहिलं. "काका, आतून रंग मारला?"

"थोडासा हात फिरवला."

"तीन हात," कलावती म्हणाली. "आकाशी. स्क्रूची भोकंसुद्धा सोडली नाहीत. काडीला कापूस लावून भरली. पासिंगला साहेबांपुढे नवरी दिसली पाहिजे म्हणून."

दगडू मटकन खाली बसला. "काका, करंट परत जायचा तो गाडीच्या पत्र्यातून! तुम्ही त्याची वाटच लिंपलीत. खरवडायला काय आहे का?"

कलावतीने घरातून काकडी सोलायचं सोलाणं आणलं. स्क्रूभोवतीचा रंग खरवडला, खोकं बसवलं, आणि काटे शांत झाले. विश्रामने मोठा श्वास सोडला. दगडूने घाईघाईत टाकी चढवली, हंड्यातलं थोडं पेट्रोल ओतलं. एक वाजत आला होता. कलावतीने पिशवीत चार काकड्या, मिठाची पुडी आणि ते सोलाणं टाकलं. रांगेत भूक लागली तर असावं म्हणून.

आरटीओतले साहेब तरुण होते, पण घाईत नव्हते. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, काट्यांकडे नजरसुद्धा टाकली नाही. मग बॉनेट उघडायला सांगून कागद आणि पेन्सिल काढली.

"चासी नंबरचा ठसा घ्यायचाय. कुठंय नंबर?"

विश्राम वाकला. नंबर पत्र्यावर ठोकलेला होता, उजव्या बाजूला. तिथे आता आरशासारखा गुळगुळीत आकाशी रंग होता.

"इथंच होता, साहेब. काल संध्याकाळपर्यंत."

"नंबर नाही तर ही गाडी हीच कशावरून? अशी मी पास करू शकत नाही."

इतक्यात मागून पिशवी चाळवल्याचा आवाज आला.

"साहेब, दोन मिनिटं सरकता का?" कलावती म्हणाली. तिने सोलाणं काढलं, पदर खोचला आणि कामाला लागली. रंगाच्या आकाशी साली खाली पडू लागल्या. आधी सात निघाला, मग तीन, मग सगळा नंबर. साहेबांनी त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा कागदपत्रांशी जुळवला आणि सही केली. जाताना कलावतीने त्यांना एक काकडी दिली. ती त्यांनी मिठासकट घेतली.

परतताना विश्राम गाणं गुणगुणत होता.

"अहो, पेट्रोलचा काटा खाली दिसतोय," कलावती म्हणाली.

"त्याचं मनावर घेऊ नकोस. सकाळपासून खोटंच बोलतोय तो."

"दगडूने दुरुस्त केलाय ना? आणि माझा हंडा अजून अर्धा..."

गाडीने दोन आचके दिले आणि नाक्यावर, बरोबर महिपतच्या दुकानासमोर, ती गप्प उभी राहिली. विश्रामने काट्याकडे पाहिलं. काटा तळाला टेकला होता. खरं बोलत होता बिचारा! इतक्या वर्षांत पेट्रोल संपल्याचा विश्रामला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

महिपत तराजू सोडून हसतमुखाने धावत आला. "आणलीत का काका शेवटी?"

"पास झालीय!" विश्रामने खिडकीतून कागद फडकवला. "आता मागे जा आणि घरापर्यंत धक्का मार."