शेंडेकाकू आणि अडलेलं प्लग-इन

वर्ध्याला आमच्या शेजारच्या शेंडेकाकू कॉम्प्युटरवर एखादा एरर आला की त्याची प्रिंट काढतात. मग त्यावर लाल शाईनं 'कोणत्या नियमान्वये?' असा शेरा मारतात, खाली सही करतात आणि तो कागद भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवतात. गेल्या वर्षी ती तार कागदांच्या वजनानं खिळ्यासकट खाली आली. काकूंनी दुसऱ्या दिवशी जाड तार आणली.

काकूंची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. शेवटची बरीच वर्षं त्या कारंज्याला हेडक्लार्क होत्या. त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या झटक्यात पुढे सरकला नाही असं म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्यांत त्या स्वतःच पुढे असतात. "त्रुटी काढल्याशिवाय मले जेवण जात नव्हतं," असं त्या अभिमानानं सांगतात. 'कारण दाखवा' हे त्यांच्या तोंडचं वाक्य. भाजीवाल्याकडे मेथी नसली तरी कारण दाखवा, आणि मी दोन दिवस दिसलो नाही तरी कारण दाखवा.

मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध परीक्षेचे गुण भरण्यापुरता. पण एकदा काकूंच्या प्रिंटरमध्ये फसलेला कागद मी ओढून काढला आणि त्या दिवसापासून त्यांचा इंजिनिअर झालो. दुपारचा चहा होतो न होतो तोच भिंतीपलीकडून हाक येते, "विलास, येजो बरं जरा. खेळ अडला."

खेळ म्हणजे लुडो. काकू रोज चहानंतर एका जुन्या वेबसाइटवर लुडो खेळतात. ही साइट इतकी जुनी की तिच्यातला पट दिसायला ब्राउझरमध्ये वेगळं प्लग-इन लागायचं. ते कधी चालायचं, कधी रुसायचं. रुसलं की पटाच्या जागी करड्या रंगाचा एक चौकोन आणि मध्ये कोड्याच्या तुकड्यासारखं एक छोटं चित्र. काकू त्या चौकोनासमोर हात बांधून बसायच्या, खिडकीपाशी आलेल्या अर्जदाराकडे बघावं तसं बघत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पटच सापडेना. पडद्याचा वरचा अर्धा भाग पट्ट्यांनी भरला होता. एक पट्टी हवामान सांगत होती, एक राशिभविष्य, एक साड्या विकत होती, एक कुठल्याशा परदेशी भाषेत काहीतरी विनवत होती. खाली चार बोटं जागा उरली होती, तिच्यातून काकू एरवी लुडो खेळायच्या, रेल्वेच्या खिडकीतून शेत बघितल्यासारख्या; आता तिथेही करडा चौकोन होता.

"काकू, हे सगळं आलं कुठून?"

"विचारते न ते, परवानगी द्यायची का म्हणून. मी हो म्हणते."

"सगळ्यांना?"

"नोकरीत कोणाले हो म्हटलं नाई. आता म्हणून घेते."

मी एकेक पट्टी काढत गेलो. साड्यांची काढताना त्यांनी हात धरला. "तिले राहू दे. बिचारी रोज नवीन दाखवते." ती ठेवली. मग साठलेला जुना डेटा साफ केला, प्लग-इनला चालू राहायची परवानगी दिली, पॉप-अप अडवणारी सोय या एका साइटपुरती बंद केली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. पट आला. काकूंनी तारेवरचा कागद काढला, 'प्रकरण निकाली' असं लिहिलं आणि परत टोचला.

असं वर्षभर चाललं. ब्राउझर स्वतःहून अपडेट झाला की आमचं सगळं केलेलं धुऊन जायचं. काकू संतापायच्या. "मले न विचारता बदलला. माझ्या टेबलावर बसून माझीच फाइल बदलते." मग मी अपडेट बंद करून ठेवलं. हे चुकीचं आहे हे मला माहीत होतं, पण चहाबरोबर त्या चिवडा द्यायच्या आणि चिवड्यात खोबऱ्याचे काप असायचे.

काकू जिच्याशी खेळायच्या ती व्यक्ती नेहमी एकच. पडद्यावर नुसतं 'पाहुणा' असं नाव यायचं. साइटवर गप्पा मारायची सोय नव्हती, फक्त तयार वाक्यांची चार-पाच बटणं होती. नमस्कार, छान चाल, तुमची पाळी, पुन्हा भेटू. काकू शेवटचं बटण कधी चुकवायच्या नाहीत. कोण आहे हे, असं मी एकदा विचारलं. "मले का मालूम. असंल कोणी रिकामटेकडं," म्हणाल्या आणि सोंगटी पुढे सरकवली.

मग एक दिवस प्लग-इन कायमचंच गेलं. जगभर बंद झालं होतं, त्याला माझाही इलाज नव्हता. मी दुसरा ब्राउझर टाकून पाहिला, जुनी आवृत्ती शोधून पाहिली, कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन पाहिली. करडा चौकोन हलला नाही. साइटवर एक सूचना होती: आता नव्या पानावर या, तिथे प्लग-इन लागत नाही, पण खातं नव्यानं उघडा आणि सोबतच्या खेळाडूला टेबलाचा क्रमांक कळवा.

"सोपं आहे," मी म्हटलं. "खातं मी उघडतो. त्या पाहुण्याचा काही पत्ता लागत असेल तर तुम्ही फोन करून क्रमांक सांगा."

काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी प्रिंटसुद्धा काढली नाही.

पुढचे चार दिवस भिंतीपलीकडून हाक आली नाही. पाचव्या दिवशी मीच गेलो, तर काकू करड्या चौकोनासमोर बसल्या होत्या. चहावर साय धरली होती.

"ती बेबी हाये," त्या म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण. इथून जवळ जाम गाव हाये, तिथं राह्यते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बेबीताईंच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत काकूंचं नाव निमंत्रकांच्या यादीत खालून दुसरं छापलं होतं, मुलीकडच्या एका मामाच्याही खाली. काकूंनी पत्रिकेवर लाल शाईनं शेरा मारून ती परत पाठवली. बेबीताईंनी ती फाडली. तेव्हापासून नऊ वर्षं दोघी बोललेल्या नाहीत. ज्याचं लग्न होतं त्या भाच्यानं, बहुधा मनाला लागल्यामुळे, दोघींना वेगवेगळं गाठलं, खाती उघडून दिली आणि एकाच टेबलावर बसवून तो नोकरीला दूर निघून गेला. समोर कोण आहे हे त्यानं सांगितलं नाही.

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"चारही सोंगट्या बाहेर आल्याशिवाय पुढं जात नाई ते. लहानपणापासून तशीच. एकटी सोंगटी पाठवायले भेते."

"आणि त्यांना तुम्ही कळलात?"

"कळली असंल. मूर्ख नाई ते."

"मग फोन करायला काय हरकत आहे?"

"फोन कशाले? आम्ही बोलत नाई," काकू म्हणाल्या, जणू हा प्रश्न विचारणारा मी मूर्ख होतो.

रविवारी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून आमच्या दारात उभ्या राहिल्या. मला गाडी काढायला सांगितली. जामच्या चौकात ट्रकच्या रांगेशेजारी एक चहाची टपरी होती, तिच्यासमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली. "मी इथं बसते. तू जाय. कॉम्प्युटरवाला हाव म्हणून सांगजो."

बेबीताईंनी दार उघडलं. काकूंचंच नाक, पण चेहरा मऊ. एका पायाला जाड पट्टी होती आणि त्या भिंत धरून चालत होत्या. मी कॉम्प्युटरवाला म्हटल्यावर कोणी पाठवलं हे त्यांनी विचारलं नाही. सरळ लॅपटॉपपाशी नेलं. त्याच्यावरही तोच करडा चौकोन.

मी नवं खातं उघडत होतो, त्या बाजूच्या खुर्चीत बसून बघत होत्या.

"मले वाटलं समोरच्याचं काही बरंवाईट झालं," त्या म्हणाल्या. "चार-पाच रोज पटच नाई. विचारावं तर कोणाले?"

"प्लग-इन बंद झालं होतं. समोरचे बरे आहेत."

"तुमची ओळख हाये का त्यायच्याशी?"

मी पडद्यावरून नजर काढली नाही. "नाही," म्हटलं.

"माझीबी नाई," बेबीताई म्हणाल्या आणि पदरानं लॅपटॉपवरची धूळ पुसली, जिथे ती नव्हती तिथेही. मी काकूंसाठी आधीच उघडलेल्या टेबलाचा क्रमांक टाकला, एकदा चालवून दाखवलं आणि निघालो. दारापर्यंत येऊन त्यांनी रस्त्याच्या दिशेनं पाहिलं. टपरी तिथून दिसत नव्हती.

काकूंसमोर चहाचे तीन रिकामे ग्लास होते. "झालं?" "झालं." त्या गाडीत बसल्या. जाम मागे पडलं, दोन्ही बाजूंना कपाशी लागली.

"कुबडी घेते का भिंत धरून चालते?" अचानक त्यांनी विचारलं.

पायाचं मी एक अक्षर बोललो नव्हतो.

"भिंत धरून. तुम्हाला कसं माहीत?"

"महिन्याभरापासून खेळता खेळता उठत नाई ते. पहिले तीनदा उठायची, तेवढा वेळ पट थांबून राहे, गॅसवर काही ठेवलं राहे. आता नाई उठत." मग पदर नीट करत, "घराले रंग कोणता दिला?"

"पिवळा. फिकट."

"पडदे?"

मी आठवून आठवून सांगत गेलो. हिरवे पडदे, भिंतीवर कॅलेंडर, भाच्याच्या मुलीचा फोटो, खुर्चीवर घडी घातलेली शाल. काकू प्रत्येक गोष्टीवर हूं म्हणत होत्या. त्रुटी एकही काढली नाही.

"आणि स्वयंपाकघर?"

"तिथे मी गेलो नाही, काकू."

"जायचं होतं. पाणी मागायचं. पाणी मागितलं असतं तं ते आत घेऊन गेली असती तुले. ओट्यापाशी स्टूल ठेवला का उभ्यानंच सैपाक करते, तेवढं दिसलं असतं."

"मग तुम्हीच यायचं होतं की."

काकूंनी बाजूची काच खाली केली. वारा आत येऊन त्यांचं इस्त्री केलेलं सगळं विस्कटून गेलं, पण वर्धा येईपर्यंत त्यांनी काच वर घेतली नाही.