एका लिटरात पिंपळगाव राजा

आमच्या शेजारचे इंगळेसाहेब कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "किती देते?"

अकरा वर्षांपूर्वी माझी बदली खामगावच्या शाळेत झाली तेव्हा आमचं सामान टेम्पोतून उतरत होतं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, पाणी-चहाचं विचारायला आलेत. त्यांनी माझ्या स्कुटीकडे बोट केलं.

"किती देते?"

"चाळीस-पंचेचाळीस देत असेल," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. कुणी पायावर पाय द्यावा तसा चेहरा केला. "चाळीस का पंचेचाळीस? बाई, काट्यावर बोला."

इंगळेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू, दुधाची मापं आणि पेट्रोलपंप तपासले. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी सगळं जगच तपासायला घेतलं. "थोडा वेळ थांबा" म्हटलं की "थोडा म्हंजे?" "सकाळी येते" म्हटलं की "कितीले?" माझ्या नवऱ्याबद्दल त्यांचं मत चांगलं आहे. "तुमच्या मिस्टरायचं ऍव्हरेज भारी हाये. दोन पोळ्यांत दिवसभर चालते मानूस." हे त्यांनी आमच्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर सांगितलं होतं.

नात्यागोत्याची भीड त्यांना कधी पडली नाही. त्यांची सासुरवाडी पिंपळगाव राजाची. तिथे त्यांच्या मेव्हण्याचं, म्हणजे मधुकरमामांचं किराणा दुकान आहे. एका भाऊबीजेला साहेब बायकोला घेऊन गेले, ओवाळणी झाली, करंज्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन त्यांनी मेव्हण्याचा काटा जप्त केला. पन्नास ग्रॅमचा फरक होता. मधुकरमामा ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना हसतात, पण आधी साहेब ऐकत नाहीत ना ते बघून घेतात.

आता गाडीबद्दल. गाडी म्हणजे एक छोटी पांढरी, कारबोरेटरवाली, तेवीस वर्षांची. साहेबांनी ती घेतली तेव्हा प्रयागकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, एकच अट घातली होती. एका लिटरात गाडी आपल्या माहेरी पोचली पाहिजे. साहेबांना अट फार आवडली, कारण ती मोजता येत होती. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला की दरवर्षी परीक्षा घ्यायची, आणि ज्या वर्षी गाडी एका लिटरात पिंपळगावच्या एसटी थांब्यापर्यंत पोचणार नाही, त्या वर्षी ती विकायची. साहेबांचा नियम म्हणजे नियम. त्याआधीची स्कूटर अशाच एका परीक्षेत नापास झाली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुसऱ्याच्या दारात उभी होती.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता. टाकीची नळी काढायची, तिथे बाटलीची नळी जोडायची, बाटलीत मोजून एक लिटर पेट्रोल भरायचं, बाटली बॉनेटच्या आत बांधायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जिथे बंद पडली तिथे पंचनामा. पंचनाम्याला पंच लागतो. तो पंच मी.

पंच होणं सोपं नव्हतं. दरवर्षी गाडीतलं वजन सारखं पाहिजे, म्हणून साहेब ओसरीतल्या पोत्याच्या काट्यावर मला उभी करायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असा. "छप्पन! बाई, मागच्या साली चोपन्न होत्या. दोन किलो वाढल्या. जॅक काढा." मग डिकीतून जॅक आणि पाने खाली ठेवले जायचे. एका वर्षी मी रागावून म्हटलं, काका, मी येतच नाही. तेव्हा ते गोंधळले. मला राग कशाचा आला ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. आकडा बरोबर होता ना, मग झालं.

भरण्याचाही नियम होता. मोजणारा वेगळा, चालवणारा वेगळा. चालवणाऱ्यानं मोजलं तर लबाडीला जागा राहते. म्हणून पेट्रोल भरायचं काम प्रयागकाकूंचं. त्या वेळी साहेब फाटकापाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत चष्मा पुसत उभे राहायचे. भरून झालं की काकू बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळायच्या. "इंजिनाच्या गरमीनं तापाले नको," असं त्या म्हणायच्या.

गाडी नवी होती तेव्हा ती पिंपळगाव ओलांडून पुढे तीन किलोमीटरवर एका कपाशीच्या वावरापाशी थांबली होती. मग दरवर्षी अलीकडे अलीकडे येत गेली. वावराच्या अलीकडे पूल, पुलाच्या अलीकडे गावातली शाळा. मी पंच झाले तेव्हा ती शाळा आणि थांबा यांच्या मधे बंद पडायची. साहेब मला समजावून सांगायचे, "गाडी एकदम म्हातारी होत नसते, बाई. आधी रिंगा घासते, मंग कारबोरेटर जास्त प्याले लागते, मंग क्लच घसरते. सगळे थोडं थोडं खाते, अन् नाव येते इंजिनावर." सांगताना त्यांचा आवाज डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा व्हायचा.

मग सहा वर्षांपूर्वी एक चमत्कार झाला. गाडीचं घसरणं थांबलं. त्या वर्षी ती बरोबर थांब्यावरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली बंद पडली. पुढच्या वर्षीही तिथेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. रशीदभाई मेकॅनिकनी गाडीखाली शिरून पाहिलं, प्लग काढून पाहिले. "साहेब, हे काही समजून नाही राह्यलं. गाडीचं वय झालं का ऍव्हरेज पडतेच. तुमची काऊन नाही पडून राह्यली?" साहेब म्हणाले, "देखभाल." आणि विषय संपवला.

चमत्कार कसा झाला ते मला पहिल्याच वर्षापासून माहीत होतं. पंचाचं काम भरताना बघायचं. काकूंनी शिक्क्याचं लिटरचं माप काठोकाठ भरलं, नरसाळ्यातून बाटलीत ओतलं. मग पिशवीतून तेलाची पळी काढली, कॅनमधे बुडवली आणि एक पळी वर घातली. माझ्याकडे पाहिलं. मग आणखी एक घातली.

"काकू!" मी कुजबुजले.

"चूप. भाजीवाली कोथमीर वरतून देते का नाही? तसंच हे."

"पण काकांनी पकडलं तर?"

"रेखा, मांगच्या साली थांब्याच्या पन्नास पावलंच पुढं गेली होती गाडी. औंदा अलीकडंच बसली असती. गाडी इकली का हा मानूस दिवसभर घरात बसून माह्या डब्यायची वजनं करन. मले जगू देईन का?" काकू हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "अन् गाडीबिगर याच्याजोळ हाये काय?"

मी पंचनाम्यावर सही केली. त्यानंतर दरवर्षी करत आले. मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई मी, आणि डिसेंबरात एकदा खोटा पंचनामा करायचे. पळ्या वाढत गेल्या. दोनच्या तीन झाल्या, मग चार. काकूंचा अंदाज इतका पक्का होता की गाडी झाडाच्या सावलीत येऊन दोन आचके द्यायची आणि गप व्हायची. मधुकरमामा तिथे वाट बघत असायचे. काकू दार उघडून जवळजवळ उडीच मारायच्या. साठीची बाई, पण त्या थांब्यावर उतरताना तिचं वय मला कधी दिसलं नाही. साहेब मात्र वेळ लिहून घेत बसलेले असायचे.

मला साहेबांची थोडी कीवही यायची, खरं सांगते. अख्ख्या जिल्ह्यातल्या दुकानदारांना ज्यांनी धडकी भरवली, त्यांना घरच्या घरी तेलाची पळी फसवत होती.

या पावसाळ्यात प्रयागकाकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं संपलं. माणसं आली, गेली. साहेब सगळ्यांशी नीट बोलले. पण त्यानंतर चार महिने त्यांनी मला एकदाही स्कुटीचं ऍव्हरेज विचारलं नाही. मी रोज सकाळी त्यांच्या फाटकासमोरून जायचे, मुद्दाम हळू जायचे. ते ओसरीत बसलेले असायचे आणि मान हलवायचे. मला ते फार जड गेलं. दिवाळी झाल्यावर एकदा मी स्वतःच थांबून म्हटलं, "काका, स्कुटी अडतीस देते आता." ते "बरं" म्हणाले. अडतीस पूर्णांक किती ते विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी मात्र ते कंपाउंडपाशी आले. "बाई, येत्या रविवारी परीक्षा हाये."

"काका, या वर्षी राहू द्या ना."

"राहू काऊन द्याची? नियम हाये."

मला धडकी भरली. काकूंशिवाय पळ्या घालणार कोण? मोजणारा वेगळा पाहिजे म्हणजे मोजायचं काम आता माझ्याकडे येणार. मी प्रामाणिकपणे एक लिटर भरलं असतं तर गाडी पिंपळगावच्या अलीकडेच कुठेतरी शेतात बंद पडली असती आणि साहेबांनी ती सोमवारी विकली असती. लबाडी करायची तर किती करायची ते मला ठाऊक नव्हतं. जास्त झालं आणि गाडी म्हातारपणी शाळेपर्यंत गेली, तर साहेब काय मूर्ख होते?

रविवारी सात वाजता गेले. मला काट्यावर उभं केलं. "अठ्ठावन्न," साहेब म्हणाले, पण हळू म्हणाले. जॅक काढला. मग ते घरात गेले आणि जवारीचं एक अर्धवट भरलेलं पोतं दोन्ही हातांनी उचलून आणलं. ते काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, डब्यातून दोन मुठी जवारी घातली, पुन्हा पाहिलं. एक मूठ काढली. मग पोतं नेऊन पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला.

"सत्तेचाळीस किलो," ते म्हणाले. "वजन कमी झालं तं परीक्षा खोटी पडते."

पुढची सीट काकूंची होती.

"भरा," असं म्हणून ते फाटकाकडे निघाले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि चष्मा पुसू लागले. मी माप भरलं, बाटलीत ओतलं. पिशवीत नरसाळ्याशेजारी काकूंची पळी तशीच होती. मी ती हातात घेतली आणि उभी राहिले. किती? चार? आठ?

"मांगच्या साली सहा होत्या," साहेब म्हणाले. मागे वळले नाहीत. "औंदा सात लागतीन. पळी तीस मिलीची हाये. मी मोजली."

माझ्या हातातली पळी नरसाळ्यावर आपटली.

"हाव, असाच आवाज येते," ते म्हणाले. "दरसाली मोजत होतो."

"काका, म्हणजे पहिल्यापासून..."

"पहिल्या साली दोन."

"मग बोलला का नाहीत? मामांचा काटा जप्त केलात तुम्ही. पन्नास ग्रॅमसाठी!"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता. "पिंपळगाव आलं का ती लय खुश राहे, बाई," ते म्हणाले. "तिले वाटे, मीच पोचवलं."

मी सात पळ्या घातल्या. मोजून, प्रत्येक पळी नरसाळ्यावर वाजवत. मग ओलं फडकं गुंडाळलं.

साहेबांनी गाडी नेहमीच्या वेगानं चालवली. मी मागच्या सीटवर होते. खड्डा आला की पोतं पुढे कलायचं, आणि साहेब डाव्या हातानं त्याला सरळ करायचे. पिंपळगाव दिसू लागलं. देवाधर्माची मी फारशी नाही, पण त्या शेवटच्या वळणावर मी मनातल्या मनात गाडीची विनवणी करत होते. झाड दिसलं. गाडीनं एक आचका दिला, घरंगळली, दुसरा दिला आणि बरोबर सावलीत येऊन गप झाली.

साहेबांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. पंचनामा लिहिला, "एक लिटर, एसटी थांबा, पिंपळगाव राजा," आणि कागद मागे माझ्याकडे दिला. मी सही केली. इतकी खरी सही मी त्या कागदावर आधी कधी केली नव्हती.

मधुकरमामा आले. त्यांनी पुढचं दार उघडलं, पोतं पाहिलं आणि काय समजायचं ते समजले. डोळे पुसून म्हणाले, "दाजी, आणा, जवारी घरात ठेवतो. दळून घेतो."

साहेब टाकीची नळी परत जोडत होते. "राहू दे," ते म्हणाले. "वापस जातानी वजन तेवढंच पाह्यजे."

परतीच्या वाटेवर परीक्षा नसते. बाटली रिकामी झालेली असते, टाकी जोडलेली असते, आणि कुणीही काहीही मोजत नाही. हे मला माहीत होतं आणि मामांनाही माहीत होतं. मामांनी पोत्याचा पट्टा नीट केला, दार हळूच लावलं आणि आम्ही तिघं जेवायला गेलो.