बिनलसणाचं भडंग

जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेल्या एका माणसाला मी जवळा खायला घातला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

तो माणूस म्हणजे सांगलीतले आमचे शेजारी भूपालअण्णा. हळदीचे व्यापारी, कडक जैन. घरात कांदा-लसूण नाही, सूर्य बुडाला की जेवण बंद. आणि दर हिवाळ्यात मला गाडी काढायला लावून घाट उतरणार, कोकणातल्या समुद्रावर पाखरं बघायला.

त्यांचं बघणंही वेगळंच. गळ्यात महागडी दुर्बीण. पण गरुडानं पाण्यावर झेप घेतली रे घेतली की दुर्बीण खाली.

"आवं अण्णा, आता तर खरं बघायचं!"

"जेवताना कुणाच्या तोंडाकडं बघू नये रं."

आता समुद्रावरचं पाखरू मासाच खाणार. त्यामुळे अण्णांनी पाहिलेली सगळी पाखरं उपाशीच. घुबड तर त्यांना मान्यच नव्हतं. "रातचं खातंय ते." उजेडात जेवणारी बाकी सगळी मात्र "आपल्यातलीच".

सगळ्यात जीव कुरवांवर. या पांढऱ्या पाखरांसाठी अण्णा सांगलीहून डबाभर भडंग आणायचे, तिखटात चुरमुरे स्वतः परतून केलेलं, बिनलसणाचं. "एकदा चव कळू दे, मासं सोडत्यात का न्हाई बघ." वाळूवर मूठ उधळायचे. कुरव घिरट्या घालायचे, ओरडायचे, आणि कोळ्यांच्या होड्यांकडे निघून जायचे.

"लाजत्यात गड्या. नवी सोयरीक हाय," असं म्हणत अण्णा डबा झाकायचे.

गेल्या हिवाळ्यात मात्र ते म्हणाले, "यंदा न्हाई खाल्लं तर मी काय परत यायचो न्हाई. गुडघं ऐकत न्हाईत."

म्हणजे माझीही वारी बंद. अण्णा उजेडात जेवून खोलीत गेले की मी मागच्या खानावळीत सुरमई हाणत असे. वर्षातली माझी हक्काची सुट्टी ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आडवे झाले, तेव्हा मी बाजारातून ओंजळभर जवळा आणला. नखाएवढी सुकी कोळंबी ती, भडंगात कालवल्यावर तिखटाच्या लालीत दिसेना. वासाची भीती नव्हती. गोदामात आयुष्य काढून अण्णांच्या नाकाला हळदीशिवाय काही कळत नव्हतं.

संध्याकाळी अण्णांनी मूठ उधळली. एक कुरव उतरला. त्याच्यामागून दुसरा. मग किनाराच पांढरा झाला.

"खायलेत! अरं, खायलेत की रं!" अण्णांनी वाळूत फतकल मारली. मी पोट धरून हसत होतो.

शेजारच्या रिकाम्या वाळूकडं बघून ते हळूच म्हणाले, "बघ. तू म्हनली व्हतीस, खातील कवातरी."

माझं हसू तिथंच थांबलं. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना घेऊन अण्णा आयुष्यात एकदाच फिरायला बाहेर पडले होते, ते इथं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. काकूंनी पदरातलं भडंग पाखरांपुढं टाकलेलं. एकानंही तोंड लावलं नाही.

"लय हिरमुसली. म्हनलं, पुढल्या वर्षी परत येऊ. दुकान सुटलंच न्हाई. ती गेली, आन् मग सवड झाली."

अण्णांनी सूर्याकडं पाहिलं. अजून बोटभर वर होता. "चालतंय," ते म्हणाले, डब्यात हात घातला आणि "हिच्या नावानं" म्हणत मूठ तोंडात टाकली.

"अण्णा..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. हात पुढं झालाच नाही. ते डोळे मिटून चावत राहिले.

"यंदा चव लय झ्याक आलीया. खारं वारं लागलं असंल. घे, तू बी घे."

मी घेतलं. उरलेलं घाईघाईनं पाखरांपुढं ओतून टाकलं.

तेव्हापासून गुडघ्यांचं नाव नाही. देवळाच्या पायरीवर अण्णा भेटेल त्याला सांगतात, कुरव आमच्यातलं भडंग खातात, खोटं वाटलं तर सुभाषला विचारा. लोक माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो.

काल नवा भरलेला डबा घेऊन आले. "गाडी काढ. हिची पाखरं वाट बघत असतील."

काकूंच्या पाखरांनी काय खाल्लं आणि अण्णांनी स्वतः काय खाल्लं, हे त्यांना सांगायचं माझ्याकडं बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.