बंपर धरायला एक माणूस

आमच्या शेजारच्या पटले काकांची गाडी धुवायला सक्त मनाई आहे. पाण्याचा जोर लागला तर नेमकं काय निसटून हातात येईल, हे काकांनाही सांगता येत नाही. बंपर, आरशाचं कव्हर, पुढची जाळी, दाराचं हँडल, सगळं गोंदावर उभं आहे. गोंदियाला गेलं की नवे पार्ट तासाभरात मिळतात, पण काकांसमोर ते बोलायची सोय नाही. "प्लास्टिक मरत नाही बा," ते म्हणतात, "माणूसच कंटाळते."

मी तर कंटाळलेलाच आहे. आठवडाभर कचेरीत मान मोडून काम करावं, रविवारी जरा आडवं व्हावं, तर कुंपणापलीकडून हाक येते, "काऊन बा, झोपून राहिला का? ये, धर थोडं." मी जातो. काका फट कानशीने घासतात, मागून तारेचे टाके घालतात, दोन ट्यूबांतला गोंद पुठ्ठ्यावर कालवून लावतात. मग जोडाची दोन टोकं माझ्या हातात देऊन स्वतः खुर्ची ओढून समोर बसतात. धानाचं काय होणार, देवरीच्या बसमध्ये कोण भेटलं, रायपूरच्या नातवाला दात आला, सगळं मला ऐकावं लागतं. काकू त्या नातवाला सांभाळायला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. दिवाळीला येतात आणि आधी ओट्यावरचा गोंद खरवडतात.

एकदा माझा अंगठाच कव्हराला चिकटला. काकांनी वाकून पाहिलं ते अंगठ्याकडे नाही, जोडाकडे. "बराबर बसला," म्हणाले.

शेवटी गेल्या महिन्यात वैतागून मीच गोंदियाहून चार लोखंडी क्लॅम्प आणले. एकदा आवळले की धरायला माणूस लागत नाही. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले, "मस्त आहेत" म्हणाले आणि आत नेले. सुटलो एकदाचा, असं मी बायकोला सांगूनही टाकलं.

दोन रविवार शांततेत गेले. तिसऱ्या रविवारी पुन्हा हाक आली, "ये बा, जाळी तुटली." मी तणतणतच गेलो. चारही क्लॅम्प अंगणातल्या दोरीवर काकांचे ओले सदरे धरून होते.

"काका, हे कायले आणून देलो मी?"

काका गोंद कालवत राहिले. "लावून पायलो ना एक बार. काम झालं. मंग दिवसभर एक शब्द बोललो नाही कोणासंग." मान वर न करता पुढे म्हणाले, "क्लॅम्प धरते चांगलं. पन बोलत नाही ना बा."

मला वाईट वाटलं. झोप गेल्याचा रागही होताच, तो काही लगेच गेला नाही. मी जाळीची दोन टोकं हातात घेतली. काकांनी खुर्ची ओढली. हात अवघडले तेव्हा मी नुसती पकड बदलली. जोड बसला का, हे त्या दिवशी काकांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.